संशयाचा फायदा कोणाचा?



सैनिकाचे अपंगत्व आणि त्याबद्दल त्याला मिळणारे निवृत्तिवेतन हा विषय वकिलांच्या कचेरीत किंवा लेखापालांच्या दप्तरात शोभणारा आहे, व्याख्यानपीठावर त्याचे प्रयोजन काय, अशी शंका कोणाच्या मनात आली असेल, तर ती मी अस्वाभाविक मानत नाही. निदान आपल्या नगरात तरी ती टिकणारी नाही. कागदोपत्री आज अहिल्यानगर झालेले हे शहर किती पिढ्या फौजेच्या सहवासात राहत आले आहे, हे येथल्या किल्ल्याकडे पाहिले तरी कळते. १८०३ सालच्या ऑगस्ट महिन्याच्या १२ तारखेस तो दौलतराव शिंद्यांच्या शिबंदीकडून आर्थर वेलस्लीच्या हाती गेला, पहिल्या महायुद्धात जर्मन नजरकैद्यांना या शहरात डांबले गेले, १९४२ नंतर नेहरू, पटेल, आझाद प्रभृती राष्ट्रनेते याच तटांच्या आत बंदिवान होते, आणि स्वातंत्र्यानंतरही तो किल्ला लष्कराच्याच ताब्यात राहिला. १९४८ पासून येथे चिलखती दलाचे प्रशिक्षण केंद्र आहे. १९७९ साली उभी राहिलेली यांत्रिक पायदळाची रेजिमेंट आपले रंगरूट येथेच घडविते. आणि पारनेर, श्रीगोंदा, पाथर्डी, कर्जत या अवर्षणग्रस्त तालुक्यांत असे गाव क्वचितच सापडेल, की जेथे पारावर बसलेल्या एखाद्या माणसाला सारे गाव 'मेजर' म्हणून हाक मारीत नाही, मग तो शिपाई म्हणून निवृत्त झालेला असो वा हवालदार म्हणून. ज्या जिल्ह्याने फौजेला इतकी माणसे दिली, त्या जिल्ह्याने त्यांतील काही माणसे कोणत्या अवस्थेत परत येतात, आणि परत आल्यावर राज्य त्यांच्याशी कसा व्यवहार करते, याची विचारपूस करणे हे माझ्या मते त्याचे प्राथमिक कर्तव्य आहे.

मला आज एकच गोष्ट आपल्यापुढे मांडावयाची आहे, आणि ती आरंभीच सांगून टाकतो. सैन्यातील अपंगत्वाचे निवृत्तिवेतन ही दया नव्हे, बक्षिसीही नव्हे. निरोगी म्हणून पारखून घेतलेला देह राज्याने कामी लावला आणि उणा करून परत केला, त्या उणिवेची ती भरपाई आहे. त्यामुळे ती उणीव कशाने आली याविषयी संशय उत्पन्न झाला, तर त्या संशयाचा फायदा सैनिकाला मिळाला पाहिजे. कायद्याने हे तत्त्व पूर्वीच मान्य केले आहे. कज्जा आहे तो व्यवहाराशी.

हे तत्त्व आपल्याला परके नाही. कृष्णाजी अनंत सभासदाने जिंजीच्या मुक्कामी राजाराम महाराजांसाठी जी बखर लिहिली, तीत अफजलखानाच्या प्रसंगानंतर शिवाजी महाराजांनी काय केले याचा वृत्तांत आहे. लढाईत जे कामास आले त्यांच्या मुलांचे त्यांनी पुढे चालविले. ज्यांना पुत्र नव्हते त्यांच्या स्त्रियांना निम्मे वेतन करून दिले. आणि जखमींना जखमेचे मान पाहून दोनशे, शंभर, पन्नास, पंचवीस होन असे दर माणशी दिले. या वृत्तांतातील औदार्य आपण नेहमी वाखाणतो. परंतु माझे लक्ष त्यातील व्यवस्थेकडे जाते. मृत, मृताचे कुटुंब आणि जखमी अशी वर्गवारी येथे आहे, जखमेची प्रतवारी आहे, आणि विधवेचा वाटा वेतनाशी जोडलेला आहे. पुढे पेशवाईच्या दप्तरांत 'बालपरवेशी' या सदराखाली लढाईत पडलेल्यांच्या मुलांना दिलेल्या नेमणुका आढळतात, त्याही याच शिरस्त्यातल्या. विजयानंतर आलेल्या क्षणिक कृपेपेक्षा हा प्रकार निराळा आहे. राज्याच्या जमाखर्चात सैनिकाच्या देहाची बाब कायमची मांडली गेली, असा त्याचा अर्थ आहे.

मात्र त्या काळातील आणि आजच्या परिस्थितीत एक मोठा भेद आहे, आणि साऱ्या वादाचे मूळ त्यात आहे. तलवारीची जखम डोळ्यांना दिसते. ती कोठे झाली आणि कोणी केली हे विचारावे लागत नाही. आजच्या सैन्यातून अपंग होऊन बाहेर पडणाऱ्या जवानांपैकी शत्रूच्या गोळीने जायबंदी झालेले थोडे. बाकीच्यांपैकी कोणाचा कणा वर्षानुवर्षे रणगाड्याचे हिसके खाऊन झिजलेला असतो, कोणाचे कान तोफेच्या आवाजाने गेलेले असतात, कोणाच्या पायाची बोटे हिमदंशाने झडलेली असतात, कोणाला रक्तदाबाने वा मधुमेहाने गाठलेले असते, आणि कोणाचे मन असे विस्कटलेले असते की घरच्यांना तो ओळखू येत नाही. येथे जखम पाहून होन देणे पुरेसे होत नाही. येथे आधी ठरवावे लागते की ही व्याधी सेवेने दिली की माणूस ती घेऊनच आला होता.

हे ठरविण्याची रीत कशी आहे ते थोडे तपशिलाने सांगतो, कारण या तपशिलातच माणसाचे आयुष्य अडकते. १९६१ सालच्या सैन्य निवृत्तिवेतन विनियमांतील १७३व्या विनियमाप्रमाणे, जो सैनिक सेवेमुळे उद्भवलेल्या किंवा सेवेमुळे बळावलेल्या अपंगत्वापायी सेवेतून कमी केला जातो आणि ज्याचे अपंगत्व २० टक्के वा त्याहून अधिक ठरते, तो या निवृत्तिवेतनास पात्र होतो. म्हणजे प्रश्न दोन: अपंगत्व किती, आणि कशामुळे. दोन्हींची उत्तरे वैद्यकीय मंडळ देते, ज्याला जवानांच्या बोलीत नुसते 'बोर्ड' म्हणतात. 'तो बोर्ड आउट झाला' एवढे म्हटले की छावणीत सगळ्यांना सारे समजते. मिळणाऱ्या रकमेचे दोन अंश असतात: एक सेवेचा, दुसरा अपंगत्वाचा. अपंगत्वाचा अंश शंभर टक्क्यांस शेवटच्या वेतनाच्या ३० टक्के या प्रमाणात मोजतात, आणि टक्के कमी झाले की रक्कम त्या मानाने उतरते; युद्धात किंवा शत्रूच्या कारवाईत झालेल्या जखमेचा दर याहून पुष्कळ मोठा आहे, आणि तो तसा असणे न्याय्यच आहे. १ जानेवारी १९९६ पासून टक्के वरच्या पायरीवर नेण्याची सवलत आली: ५० च्या आतील अपंगत्व ५० धरावयाचे, ५० ते ७५ पर्यंतचे ७५, आणि त्यापुढील १००. ही सवलत मुदत पुरी करून निवृत्त झालेल्या अपंग सैनिकांनाही लागू आहे, हे सर्वोच्च न्यायालयास २०१४ च्या डिसेंबरात सांगावे लागले. त्याच वर्षी जूनमध्ये त्याने असेही सांगितले होते की ज्या अपंगत्वाने माणसाची नोकरी गेली ते २० टक्क्यांहून कमी धरताच येणार नाही. या दुसऱ्या निकालाची सरळ मानवी तर्कशुद्धता मला फार मोलाची वाटते. पंधरा टक्के अपंगत्व म्हणून निवृत्तिवेतन नाकारावयाचे आणि त्याच पंधरा टक्क्यांसाठी नोकरीवरून काढावयाचे, या दोन गोष्टी एकाच राज्याच्या तोंडी शोभत नाहीत.

परंतु टक्क्यांचा वाद हा तुलनेने लहान वाद आहे. खरा पेच दुसऱ्या प्रश्नाचा. मंडळाच्या कागदावर एका रकान्यात लिहिले जाते की ही व्याधी सेवेमुळे उद्भवलेली नाही आणि बळावलेलीही नाही. इंग्रजीतील या शेऱ्याची चार आद्याक्षरे जुळवून जवान त्याला 'एनएएनए' म्हणतात. त्या चार अक्षरांनी अपंगत्वाचा अंश जातो; आणि सेवेची १० वर्षे भरलेली नसली तर पूर्वी सारेच जात असे. ही १० वर्षांची अट शासनाने जुलै २०२० च्या आदेशाने शिथिल केली खरी, पण ४ जानेवारी २०१९ रोजी वा त्यानंतर जे सेवेत होते त्यांच्यापुरतीच. आणि मुलकी नोकरीसही जो कायमचा निकामी ठरला, त्यालाच तिचा लाभ. ज्यांना त्यापूर्वी घरी पाठविले गेले त्यांची कैफियत होती तेथेच राहिली.

आता १९८२ सालचे पात्रता-नियम पाहा. ते ज्यांनी रचले त्यांच्याविषयी मला नितांत आदर आहे, कारण त्यांनी सैनिकाच्या बाजूने विचार केला. पाचवा नियम म्हणतो की भरतीच्या वेळी ज्या दोषाची नोंद झाली नाही तो दोष त्या वेळी नव्हता, सैनिक शरीराने व मनाने धडधाकट होता, असे गृहीत धरावे. नववा नियम म्हणतो की आपला हक्क सिद्ध करण्याचा भार दावेदारावर घालू नये, आणि वाजवी संशय असेल तेथे त्याचा फायदा त्याला द्यावा. युद्धक्षेत्रात सेवा केलेल्याच्या बाबतीत तर तो अधिक मोकळेपणाने द्यावा. चौदावा नियम सांगतो की भरतीच्या वेळी नोंद नसलेला आणि पुढे सेवामुक्तीस कारण झालेला रोग सेवेतच उद्भवला असे सामान्यतः मानावे. अपवाद एवढाच की तो रोग भरतीच्या तपासणीत दिसणे शक्यच नव्हते असे वैद्यकीय मत, कारणांसह, लिहून ठेवलेले असावे.

'कारणांसह' या अटीवर मी आपल्याला थोडे थांबण्याची विनंती करतो. ज्यांनी येथल्या सैन्यभरतीचा दिवस पाहिला आहे, त्यांना या नियमांमागचा न्याय समजावून सांगावा लागत नाही. अठरा-वीस वर्षांची पोरे पहाटेपासून रांगेत उभी असतात. धावण्यात टिकलेल्यांची छाती मोजली जाते, फुगवून पुन्हा मोजली जाते. कोणाचे गुडघे उभे राहिल्यावर एकमेकांस लागतात म्हणून तो बाद होतो, कोणाचा तळवा सपाट म्हणून, कोणाच्या कानात मळ आहे म्हणून त्याला फेरतपासणीस पाठवितात, कोणाला रंग ओळखता येत नाहीत. पुढे सेवेतही त्याचे मन, श्रवण, हातपाय, शरीरप्रकृती आणि दृष्टी अशा पाच अंगांनी वेळोवेळी मापन होते, आणि पाचही अंगे निर्दोष असली की तो 'शेप वन' म्हणून मिरवितो. इतक्या चाळणीतून पार करून घेतलेल्या माणसाला दहा-बारा वर्षांनी, सियाचिनच्या थंडीतून, राजस्थानच्या वाळूतून आणि काश्मिरातील रात्रपाळ्यांतून फिरवून आणल्यावर, 'हा रोग तुझ्या प्रकृतीतच होता' असे सांगावयाचे असेल, तर सांगणाऱ्याने कारण दिले पाहिजे. नुसता शेरा हे कारण नव्हे.

सर्वोच्च न्यायालयाने २ जुलै २०१३ रोजी धर्मवीर सिंग यांच्या प्रकरणात नेमके हेच सांगितले. संदेशवहन दलातला हा शिपाई १९८५ साली भरती झाला. नऊएक वर्षांच्या सेवेनंतर अपस्माराच्या झटक्यांमुळे २० टक्के कायमचे अपंगत्व ठरवून त्याला १९९४ साली घरी पाठविण्यात आले, आणि रोगाचा सेवेशी संबंध नाही असा शेरा मंडळाने मारला. भरतीच्या कागदांत अशा कोणत्याही रोगाची नोंद नव्हती, आणि मंडळाने कारण दिलेले नव्हते. न्यायालयाने नियम एकामागून एक वाचून दाखविले आणि त्याला त्याचे निवृत्तिवेतन देवविले. त्या निकालात नवे तत्त्व एकही नाही. १९८२ पासून छापील असलेले नियम वाचावयास आणि पाळावयास शासनाला एकोणीस वर्षांचा एका शिपायाचा झगडा लागला, हे त्या निकालाचे खरे दुःखद महत्त्व आहे. आणि तेवढ्यानेही भागले नाही. मंडळाने कारण दिलेच पाहिजे, हेच तत्त्व सर्वोच्च न्यायालयाला २०२५ सालीही पुन्हा उच्चारावे लागले.

शासनपक्षाचे म्हणणे मी टाळू इच्छीत नाही, कारण त्यात तथ्याचा अंश आहे. रक्तदाब, मधुमेह यांसारखे विकार आज शहरांतील दुकानदारांना आणि शाळांतील शिक्षकांनाही होतात. मग सैनिकाला झालेला तोच विकार सेवेच्या माथी का मारावा, असा प्रश्न लष्करातीलच जाणते अधिकारी विचारतात. नियंत्रक व महालेखापरीक्षकांनी २०२३ साली संसदेपुढे ठेवलेल्या अहवालात निवृत्त होणाऱ्या अधिकाऱ्यांतील असे निवृत्तिवेतन घेणाऱ्यांचे प्रमाण जवानांतील प्रमाणाच्या दुपटीहून अधिक दाखविले आहे, आणि ते पाहून कोणाही करदात्याच्या मनात किंतु यावा. २००८ च्या सुधारित नियमांनी, रोग केवळ सेवाकाळात प्रकट झाला एवढ्याने तो सेवेमुळे झाला असे होत नाही, असे बजावले. आणि सप्टेंबर २०२३ च्या नव्या नियमांनी हे दार आणखी अरुंद केले.

गैरवापर कोणी करीत असेल तर तो शोधून काढावा. त्याविषयी माझे दुमत नाही. माझे म्हणणे एवढेच की वरच्या पायरीवरच्या काहींनी सवलतीचा लाभ उठविला असेल, तर त्याचे प्रायश्चित्त पाथर्डीच्या शिपायाला देऊ नये; कारण नियम आवळला की जो मुंबई-दिल्लीचा वकील करू शकतो त्याला फारसे काही होत नाही, आणि ज्याला मंडळाचा इंग्रजी कागद वाचता येत नाही तो तेथेच संपतो. दुसरे असे की शांततेच्या ठाण्यावरही सैनिकाचे जीवन दुकानदारासारखे नसते. घर नाही, झोपेला ठरलेली वेळ नाही, बापाच्या आजारपणाची किंवा बांधाच्या भांडणाची बातमी फोनवर ऐकावयाची आणि रजा मागून वाट पाहावयाची. दिल्ली उच्च न्यायालयाने २०२५ च्या मार्चमध्ये मधुमेहाच्या एका प्रकरणात हाच विचार स्वीकारला, आणि जुलैमध्ये अशाच स्वरूपाच्या शासनाच्या सुमारे ३०० याचिका एकत्र फेटाळल्या. तीनशे! सशस्त्र दल न्यायाधिकरणाने ज्यांना न्याय दिला होता, त्या इतक्या माणसांविरुद्ध त्यांचेच शासन वरच्या न्यायालयात गेले होते. त्यासाठी झालेल्या खर्चाचा विचार बाजूला ठेवला, तरी त्या घरांतून गेलेल्या वर्षांचा विचार बाजूला ठेवता येत नाही.

रजेवर असताना झालेल्या अपघातांची बाब थोडी वेगळी आणि जरा नाजूक आहे. रजेवर घरी निघालेल्या एका जवानाचा हात आगगाडीतून उतरताना तुटला, आणि प्रवास सरकारी खर्चाने नव्हता म्हणून त्याला नकार मिळाला. १९९९ साली सर्वोच्च न्यायालयाने तो नकार रद्द केला, कारण मंजूर रजेवर जाणारा माणूस स्वतःच्या पैशाने तिकीट काढतो की सरकारच्या, याने तो सैनिक असण्यात फरक पडत नाही. मनमाडला किंवा दौंडला गाडी बदलून येणाऱ्या आपल्या मुलांच्या दृष्टीने हा निकाल ध्यानात ठेवण्यासारखा आहे. परंतु घरी पोचल्यावर, स्वतःच्या खाजगी कामात झालेल्या अपघाताबाबत त्याच न्यायालयाने २०११ साली उलट निर्णय दिला, आणि तोही मला मान्य आहे. सेवेशी काही धागा असावा लागतो. तो सैनिकाने पुराव्यानिशी विणून आणावा हा आग्रह तेवढा चूक आहे.

आता विलंबाविषयी. विलंब हा आपल्याकडील गरीब माणसाचा सर्वांत मोठा शत्रू आहे, आणि या क्षेत्रात तो कायद्याचे रूप घेऊन येतो. १९८३ साली अपंग होऊन बाहेर पडलेला एक सैनिक १९९९ साली न्यायालयात गेला. निवृत्तिवेतन दरमहा बुडते, म्हणून अन्यायही दरमहा नवा होतो, हे सर्वोच्च न्यायालयाने २००८ साली मान्य केले, आणि म्हणून त्याचा दावा मुदतबाह्य ठरला नाही. परंतु थकबाकी मात्र अर्जापूर्वीच्या तीन वर्षांचीच मिळेल असे ठरले. उरलेल्या वर्षांचे पैसे बुडाले ते बुडाले. या निकालाला धरूनच आजही अनेकांची थकबाकी तीन वर्षांवर येऊन थांबते. २००८ च्या नियमांनी तर सेवामुक्तीनंतर १५ वर्षांनी दावा केल्यास सिद्धतेचा भार दावेदारावर टाकला आहे. तेव्हा जो जवान लाजेने, अज्ञानाने किंवा 'फौजेविरुद्ध कसे जायचे' या निष्ठेने गप्प बसतो, त्याच्या निष्ठेची किंमत त्याचे घर भरते. मला ही निष्ठा पूज्य वाटते. म्हणूनच तिचा असा मोबदला पाहून मन व्यथित होते.

निवृत्तिवेतनाने सारे भरून निघते असे मात्र कोणी समजू नये. पहिल्या महायुद्धात मेसोपोटेमियाच्या आघाडीवरून जखमींची जहाजे मुंबईला लागू लागली तेव्हा, गव्हर्नरच्या पत्नी लेडी विलिंग्डन यांच्या पुढाकाराने १९१७ साली अपंग सैनिकांना धंदेशिक्षण देणारी क्वीन मेरीज टेक्निकल इन्स्टिट्यूट मुंबईत सुरू झाली, आणि पुढे ती पुण्याजवळ खडकीस गेली. १९४४ साली पुण्यात कृत्रिम अवयव केंद्र निघाले. १९७४ साली खडकीलाच कमरेखाली लुळ्या झालेल्या सैनिकांसाठी पुनर्वसन केंद्र उभे राहिले. नगरपासून पुणे काही दूर नाही, आणि या जिल्ह्यातील अनेक घरांना खडकीचा रस्ता ठाऊक आहे. १९७१ च्या युद्धात सिल्हेटच्या बाजूला सुरुंगाने पाय गेलेले मुंबईचे इयान कार्डोझो पुण्यातच कृत्रिम पायावर उभे राहिले आणि पुढे बटालियनचे व ब्रिगेडचे नेतृत्व करून मेजर जनरल झाले. सांगली जिल्ह्यातील पेठचे मुरलीकांत पेटकर १९६५ च्या युद्धात गोळ्या लागून कमरेखाली पंगू झाले, पोहू लागले, आणि १९७२ साली हायडेलबर्गच्या पॅरालिम्पिकमध्ये ५० मीटर मुक्त शैलीत भारताचे पहिले सुवर्णपदक घेऊन आले. पद्मश्री मात्र त्यांना २०१८ साली मिळाली. या थोर पुरुषांची नावे घेताना मला नेहमी एक भीती वाटते. असामान्यांची उदाहरणे आपण सामान्यांपुढे उगारतो, आणि जो पोहला नाही, ज्याने ब्रिगेड सांभाळली नाही, जो कोरडवाहू पाच एकरांच्या बांधावर एक पाय पसरून बसला आहे आणि ज्याची पत्नी त्याला उठविते, न्हाऊ घालते, निजविते, तो जणू जिद्दीत कमी पडला असे सुचवून बसतो. शंभर टक्के अपंगाच्या सोबत्यासाठी नियमांत भत्ता आहे, तो योग्यच आहे. पण अशा घरांतील त्या स्त्रीने स्वतः मजुरीला जाणे सोडले त्याची नोंद कोणत्याच दप्तरात होत नाही, आणि ती व्हावयास हवी.

शेवटी एक अगदी ताजी बाब. २०२२ पासून शिपायांची भरती अग्निवीर म्हणून चार वर्षांसाठी होते, आणि त्यांतील अनेक तरुण आपल्याच शहरातील दोन्ही केंद्रांत शिकून बाहेर पडत आहेत. सेवेमुळे आलेल्या अपंगत्वासाठी त्यांना १००, ७५ व ५० टक्क्यांस अनुक्रमे ४४, २५ व १५ लाख रुपये एकरकमी द्यावेत, आणि उरलेल्या मुदतीचे वेतन पुरते पोचवावे, अशी तजवीज आहे. तहहयात मासिक निवृत्तिवेतन नाही. रक्कम ऐकावयास मोठी आहे. पण एकवीस वर्षांच्या मुलाचा हात किंवा डोळा जातो तेव्हा पुढची पन्नास वर्षे जातात, आणि एकरकमी पैसा आपल्याकडच्या घरांत कसा जातो हे आपण सगळे जाणतो: कर्ज फिटते, बहिणीचे लग्न होते, विहीर खणली जाते, आणि चार-सहा वर्षांत माणूस आणि त्याचे अपंगत्व एवढेच उरते. शेजारच्या अंथरुणावर तीच जखम झालेला नियमित जवान दरमहा निवृत्तिवेतन घेतो आणि हा घेत नाही, या भेदाचे समाधानकारक उत्तर मला कोठे मिळालेले नाही. आपल्या लोकप्रतिनिधींनी हा प्रश्न लावून धरावा, आणि तोपर्यंत आपण त्यांना स्वस्थ बसू देऊ नये, असे मी या पीठावरून स्पष्टपणे म्हणतो.

तोवर जे आपल्या हातचे आहे ते करावे. या सभेत शिक्षक आहेत, वकील आहेत, ग्रामपंचायतींचे सदस्य आहेत. त्यांना माझी विनंती की आपल्या गावातील जो जवान बोर्ड होऊन आला असेल त्याच्या घरी एकदा जावे आणि त्याचे कागद मागून वाचावेत. अपघात झाला असेल तर इंजुरी रिपोर्ट भरला गेला होता काय, चौकशी झाली असल्यास तिचा निष्कर्ष काय, मंडळाने टक्के किती लिहिले आणि सेवेशी संबंध नाकारताना कारण लिहिले की नुसता शेरा मारला, हे पाहावे. मंडळाची कार्यवाही त्याच्यापाशी नसेल तर ती अभिलेख कार्यालयाकडून मागवावी. माहितीच्या अधिकारातही ती मागता येते. नकाराचे पत्र आल्यापासून पहिल्या अपिलास सहा महिन्यांची मुदत असते, त्यानंतर दुसरे अपील असते, आणि दोन्हींसाठी वकील लागत नाही. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात त्याची माहिती मिळते. तेही फेटाळले गेले तर सशस्त्र दल न्यायाधिकरणाचे पीठ मुंबईस आहे. तेथे जावे, आणि मध्ये किती वर्षे गेली हे मोजून कोणी त्या जवानाला उंबऱ्यातूनच परत फिरवू नये.